लॅपटॉप गेला, डिस्क तर आहे ना!

कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या शालींच्या गाठोड्यामागे किंवा रुखवताच्या भांड्यांच्या खोक्याशेजारी एक बंद पडलेला लॅपटॉप आज बहुतेक घरांत सापडतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली मुले इंजिनिअरिंगला आणि पुढे नोकरीला पुण्या-बंगळुरूला गेली, तेव्हा कुणी पहिल्या पगारातून, कुणी वडिलांच्या मागे लागून घेतलेला हा लॅपटॉप. कुणाचा पडदा गेला, कुणाचे बिजागर तुटले, कुणाचा चार्जर मिळेनासा झाला. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि विंडोज ११ न पेलणारे, अजून धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉपही याच खणाच्या वाटेला लागले. मग दसऱ्या-दिवाळीच्या साफसफाईत कधीतरी आई बंगळुरूला फोन करते, "अरे, तुझा तो जुना लॅपटॉप भंगारवाल्याला दिला बघ. काय करायचा होता की तो!"

पलीकडे क्षणभर शांतता. कारण लॅपटॉप भंगारात गेला म्हणजे त्यातली हार्ड डिस्कही गेली, आणि डिस्कबरोबर आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो गेले.

घरगुती आठवणींच्या दृष्टीने साधारण २००३ ते २०१२ ही वर्षे मोठी नाजूक आहेत. त्याआधी कॅमेऱ्यात रोल होता, स्टुडिओतून छापून आणलेले फोटो अल्बममध्ये चिकटवले जात आणि निगेटिव्हची पाकिटे जपून ठेवली जात. ते आजही कपाटात आहेत. २०१२ नंतर हळूहळू सगळे मोबाइलवर आले. फोन हरवला तरी बरेचसे फोटो इंटरनेटवरच्या साठ्यात कुठेतरी राहतात. मधली वर्षे डिजिटल कॅमेऱ्याची. कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर घ्यायचे, कार्ड रिकामे करायचे, पुढच्या बारशाला पुन्हा भरायचे. छापून कुणी घेतले नाहीत. "सगळे कॉम्प्युटरवर आहेत" एवढे म्हटले की झाले. त्या काळातल्या लग्नांची, मुंजींची, आज हयात नसलेल्या आजोबांची चित्रे पुष्कळ घरांत एकाच ठिकाणी उरली आहेत, ती म्हणजे त्या बंद लॅपटॉपच्या पोटातली डिस्क.

लॅपटॉप बंद पडणे आणि डिस्क खराब होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. पडदा, की-बोर्ड, मदरबोर्ड, चार्जरचे भोक यांतले काहीही गेले तरी डिस्कला त्याची खबरही नसते. ती काढून घरातल्या किंवा शेजाऱ्यांच्या डेस्कटॉप संगणकाला जोडली की बहुतेक वेळा मुकाट्याने सुरू होते. अडचण येते ती फक्त जोडणीची. लॅपटॉपच्या डिस्कचे तोंड एका प्रकारचे, डेस्कटॉपच्या वायरचे दुसऱ्या प्रकारचे. या दोन तोंडांना जुळवणारा छोटा तुकडा म्हणजे अॅडॉप्टर. आपल्याकडे दुकानात त्याला कन्व्हर्टरही म्हणतात. तो बहुधा काही शे रुपयांत मिळतो; पण कोणता घ्यायचा हे माहीत नसले की तीन दुकाने फिरून माणूस चुकीचाच घेऊन येतो.

आधी डिस्कचे तोंड बघा

बाजारात जाण्यापूर्वी डिस्क बाहेर काढा. चार्जर काढून टाकावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी. जुन्या लॅपटॉपच्या पाठीवर एखादे छोटे झाकण असते आणि त्यावर पुष्कळदा चकत्यांच्या उतरंडीसारखे चिन्ह कोरलेले असते. एक-दोन स्क्रू काढले की झाकण निघते आणि आत साधारण सात सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब अशी चपटी डबी दिसते. हिलाच अडीच इंची डिस्क म्हणतात. डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची. ती सुमारे दहा सेंटिमीटर रुंद आणि चांगली जाडजूड असते. हे इंचांचे हिशेब डबीच्या मापाचे नाहीत, ते आतल्या चकतीवरून पडलेले आहेत. म्हणून फूटपट्टी लावून कुणी गोंधळून जाऊ नये. (१९५६ मध्ये आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंची ५० चकत्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून जेमतेम पाच मेगाबाइट मावत. आजच्या फोनचा एक चांगला फोटो काढला की जागा संपली!)

लॅपटॉपमधून काढलेल्या डिस्कभोवती पुष्कळदा पत्र्याची चौकट असते आणि तोंडावर आणखी एक छोटा तुकडा खोवलेला असतो. हा तुकडा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या सोयीसाठी लावलेला असतो. त्याकडे बघून बरेच जण "आमच्या डिस्कचे कनेक्शन काहीतरी वेगळेच आहे" अशी समजूत करून घेतात. तसे नसते. तो तुकडा दोन्ही बाजूंनी धरून सरळ, न वाकवता ओढला की निघून येतो आणि आतले नेहमीचे तोंड दिसते. ते तोंड दोनच प्रकारचे निघण्याची शक्यता अधिक: बारीक पिनांच्या दोन ओळी, नाहीतर दोन चपट्या पट्ट्या. पिना असतील तर डिस्क आयडीई जातीची, पट्ट्या असतील तर साटा जातीची.

पट्ट्यांवाल्यांनी निम्मी लढाई जिंकली असे समजावे. साटा ही जोडणी २००३ च्या सुमारास आली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत लॅपटॉपमध्येही रुळली. तिची मोठी सोय अशी की लॅपटॉपची अडीच इंची आणि डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क, दोघींचे तोंड अगदी एकसारखे असते. माहिती वाहून नेणारी सात टोकांची छोटी पट्टी आणि वीज देणारी पंधरा टोकांची मोठी पट्टी. दोन्ही इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या, त्यामुळे उलट्या बसतच नाहीत. डेस्कटॉपच्या आतली रिकामी साटा वायर आणि वीजपुरवठ्याचा प्लग थेट लावायचा. अॅडॉप्टर लागतच नाही! तरीही "लॅपटॉप डिस्क डेस्कटॉपला लावायचा कन्व्हर्टर द्या" असे मोघम सांगितले तर दुकानदार काहीतरी देतोच आणि आपण पैसे मोजून येतो. डेस्कटॉप फार जुना असून त्यात वीजेचे फक्त पांढरे चार पिनांचे प्लग असतील, तर त्यावरून साटाची वीज घेणारी छोटी वायर तेवढी लागते.

मग लागते काय? लागते ती चौकट. साडेतीन इंची डिस्कच्या जागेत अडीच इंची डिस्क ठेवली तर ती मोठ्या खोक्यातल्या लाडवासारखी गडगडते. यासाठी पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्यांना ब्रॅकेट म्हणतात. स्क्रू मात्र लॅपटॉपच्या डिस्कचे बारीक, एम-३ मापाचे असावेत. डेस्कटॉपच्या डिस्कचे जाड स्क्रू तिथे जबरदस्तीने पिळले की आटे जातात. एकदाच जोडून फोटो उतरवायचे असतील तर ब्रॅकेटही नको. डिस्क पुठ्ठ्यावर किंवा लाकडी टेबलावर सपाट ठेवावी. डेस्कटॉपच्या पत्र्यावर उघडी ठेवू नये, तिच्या पोटाखालचा सर्किटचा भाग पत्र्याला टेकतो. आणि चालू डिस्क हलवू तर अजिबात नये, कारण आत चकती मिनिटाला ५४०० फेऱ्या घेत असते.

चव्वेचाळीस पिनांची गोष्ट

पिनांवाल्यांची कहाणी जरा लांब आहे, आणि खरे जपायचे आहे ते इथेच. कारण या डिस्क सर्वांत जुन्या. २००३ ते २००६ मधल्या आठवणी बहुधा यांच्याच पोटात.

डेस्कटॉपच्या जुन्या आयडीई डिस्कला ४० पिनांचे तोंड असे, आणि विजेसाठी शेजारी चार पिनांचा वेगळा प्लग. लॅपटॉपमध्ये दोन प्लग बसवायला जागा नव्हती. म्हणून ४० पिनांच्याच शेजारी आणखी चार पिना वाढवल्या आणि त्यांतून वीज आणली. झाल्या ४४. त्याही दाटीवाटीने: डेस्कटॉपच्या पिनांमध्ये २.५४ मिलिमीटरचे अंतर असते, इथे फक्त दोन मिलिमीटर. त्यामुळे डेस्कटॉपची रुंद पट्टीची वायर इथे बसूच शकत नाही.

आता नीट बघितले तर एका टोकाला थोडी मोकळी जागा सोडून आणखी चार पिना दिसतात. या जोडणीच्या नाहीत! त्या डिस्कला "तू मुख्य की दुय्यम" हे सांगण्यासाठी असतात, त्यांना जम्पर पिना म्हणतात. अॅडॉप्टर लावताना या चार पिना बाहेर, मोकळ्या राहिल्या पाहिजेत. पहिल्या नंबरची पिन या जम्परच्या बाजूला असते आणि विजेच्या पिना दुसऱ्या टोकाला. अॅडॉप्टर उलटा लागला किंवा एक घर सरकून बसला, तर पाच व्होल्टची वीज नको त्या पिनांत शिरते आणि वीस वर्षे सुखरूप राहिलेली डिस्क एका क्षणात जळते. निर्मात्यांनी उलटे बसू नये म्हणून विसावी पिन मुद्दाम ठेवलेली नसते. अॅडॉप्टरमध्ये त्या जागचे भोक बुजवलेले असेल तर तो उलटा जात नाही. बुजवलेले नसेल तर सारी भिस्त आपल्या डोळ्यांवर. चष्मा लावा, टॉर्च घ्या, घरात दहावीतला पोरगा असेल तर त्याला बोलवा, पण पिना मोजल्याशिवाय वीज सुरू करू नका.

आयडीईसाठी पूर्वी एक हिरवी पट्टी मिळत असे. एका बाजूला ४४ भोके, दुसऱ्या बाजूला ४० पिना आणि विजेसाठी लोंबणारी लाल-काळी वायर. ही पट्टी लावून डिस्क थेट डेस्कटॉपच्या पोटात जोडता येई. अजूनही ती मिळते, स्वस्तही असते. पण घेण्याआधी आपला डेस्कटॉप उघडून बघा. इंटेलने २००६ पासून आपल्या नव्या चिपसेटमधून आयडीईची सोय काढून टाकली. पुढे काही वर्षे मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी वेगळी चिप लावून ती सोय टिकवली, नंतर तीही गेली. आजच्या डेस्कटॉपमध्ये ४० पिनांची जागाच नसते. तेव्हा ही पट्टी घेऊन लावणार कुठे? घरात २००८ च्या आसपासचा डेस्कटॉप शाबूत असेल तरच हिचा उपयोग.

बाकीच्यांसाठी यूएसबीचा अॅडॉप्टर. माझ्या मते घरगुती कामासाठी हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. डेस्कटॉप उघडायला नको, मदरबोर्डला हात लावायला नको. यातला एक प्रकार तीन तोंडांचा असतो: एका बाजूला लॅपटॉपची ४४ पिनांची आयडीई, दुसरीकडे डेस्कटॉपची ४० पिनांची आणि तिसरीकडे साटा. घरात दोन-तीन पिढ्यांच्या डिस्क असतील तर हाच घ्यावा. फक्त साटाची असेल तर साधी यूएसबी-साटा वायर किंवा केसिंग पुरते. केसिंग म्हणजे डिस्क आत सरकवून बंद करायची डबी. तीत घातली की जुनी डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरता येते.

यूएसबीची एक खोड मात्र माहीत असू द्या. यूएसबी २.० च्या एका भोकातून नियमाने ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. चकती फिरायला सुरुवात होते त्या क्षणी जुन्या डिस्कला त्याहून जास्त वीज लागू शकते. मग डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते आणि संगणकावर काहीच दिसत नाही. लोक म्हणतात डिस्क मेली. मेलेली नसते, उपाशी असते! अशा वेळी दोन यूएसबी तोंडांची वायर वापरावी, किंवा डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या भोकात थेट लावावी. निळ्या रंगाचे यूएसबी ३.० चे भोक असेल तर त्यातून ९०० मिलिअँपिअर मिळते.

दुकानात जाताना डिस्क बरोबर न्यावी, निदान तिच्या तोंडाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून न्यावा. मागायचे ते "टू पॉइंट फाइव्ह आयडीई टू यूएसबी" किंवा "टू पॉइंट फाइव्ह साटा केसिंग" असे नेमके मागावे. आपल्या गावात आयडीईचा माल आता क्वचितच असतो. मुलगा-सून बंगळुरूला असतील तर त्यांना एस. पी. रोडला चक्कर मारायला सांगावे. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. एस. पी. रोडवर धारवाडी ढंगात "कन्व्हर्टर ऐतेन्री?" असे विचारले की आपण कुठल्या बाजूचे आहोत हे दुकानदाराने ओळखलेच म्हणून समजा, भावात फरक पडेल असे मात्र नाही.

अलीकडच्या लॅपटॉपबद्दल थोडक्यात. त्यांत अडीच इंची डबी नसून च्युइंगगमच्या पट्टीएवढे कार्ड असते, त्याला एम.२ म्हणतात. दिसायला सारखी असली तरी या कार्डांत साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत आणि एकीचे केसिंग दुसरीला चालेलच असे नाही. कार्डावरच्या लेबलचा फोटो दाखवूनच घ्यावे. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर साठवणीची चिप मदरबोर्डवरच डाग देऊन पक्की केलेली असते; ती काढण्याचा प्रश्नच येत नाही. अशा नव्या लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: विंडोजने डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आपणहून लावलेले असू शकते. डिस्क काढून दुसरीकडे जोडली की ते ४८ आकडी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, म्हणून खात्याचा पासवर्ड आधी शोधावा. जुन्या लॅपटॉपलाही कुणी सुरू होतानाच डिस्कचा पासवर्ड घातला असेल, तर तो डिस्कबरोबरच येतो. अॅडॉप्टर बदलून तो सुटत नाही.

जोडल्यावर

डिस्क जोडली, आत हलकी घरघर ऐकू आली आणि संगणकावर नवी खूण उमटली, की अर्धा जीव भांड्यात पडतो. पण इथे विंडोज एखादी पाटी दाखवू शकते: "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल." कधीही होय म्हणू नका. डिस्क मॅकची किंवा लिनक्सची असेल, वीज कमी पडत असेल किंवा तिची यादी बिघडली असेल, तरी ही पाटी येते. रद्द करा, डिस्क काढा, जाणकाराला दाखवा. दुसरी पाटी परवानगीची. मुलाच्या लॅपटॉपवर त्याच्या नावाचा कप्पा होता, तो आपल्या संगणकावर उघडताना परवानगी नाही असे सांगितले जाते. तिथे 'कंटिन्यू' दाबले की थोडा वेळ घेऊन कप्पा उघडतो. घाबरण्याचे कारण नाही.

फोटो शोधायचे कुठे? विंडोज एक्सपीच्या डिस्कवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या कप्प्यात वापरणाऱ्याचे नाव, त्यात 'माय डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप'. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून पुढे हे सगळे 'यूजर्स' मध्ये असते. 'डेस्कटॉप' विसरू नका. आपल्याकडे निम्मा संसार तिथेच मांडलेला असायचा. डी आणि ई असे वेगळे भाग पाडलेले असतील तर तेही बघावेत. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये पत्रव्यवहार होत असेल तर डीबीएक्स नावाच्या फाइलींत ती पत्रे अजून आहेत.

सगळ्यांत मोलाचे आधी उतरवून घ्यावे. फोटो आणि आवाज पहिल्यांदा, सिनेमे आणि गाणी शेवटी. डिस्क उघडून एकेक फोटो बघत बसण्याचा मोह होतो, सगळे घर भोवती जमते, "अगोबाई, ही शांताक्का किती बारीक होती!" सुरू होते. ते सगळे नक्कल झाल्यावर. म्हातारी डिस्क आज चालली म्हणजे उद्या चालेलच असे नसते. नक्कल चालू असताना आतून एका लयीत टक्... टक्... असा आवाज आला तर लगेच बंद करावी. तो आवाज वाचणारी सुई भरकटल्याचा असतो, आणि चालू ठेवल्यास ती चकती खरवडू शकते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवणे, हळूच आपटणे, झाकण उघडून बघणे असले सल्ले देणारे शेजारी सगळीकडे असतात. त्यांना चहा पाजावा आणि डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे द्यावी. खर्च हजारांत जातो, तेव्हा आत काय आहे त्यावर निर्णय घ्यावा.

फॉन्टही उचला

ही गोष्ट संगणकाच्या पुस्तकांत सहसा सापडणार नाही, पण आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना ती नक्की भेटते. फोटो सुखरूप आले. मग वडिलांनी टाइप केलेला घराण्याचा इतिहास, आईच्या भिशीचा हिशेब, भावाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर उघडावा तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, चिन्हे, ठिपके यांची खिचडी. फाइल खराब झाली असे वाटून लोक ती पुसून टाकतात. फाइल खराब नसते!

त्या काळी आपल्याकडे मराठीसाठी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी साधने होती. कन्नडसाठी कन्नड गणक परिषदेचे नुडी आणि १९९८ मध्ये आलेले बरह, ज्यात पुढे मराठीही लिहिता येऊ लागले. यांतल्या जुन्या पद्धतीत मराठी 'क' किंवा कन्नड 'क' संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षराच्याच नंबरवर साठवला जाई. फॉन्ट त्या नंबरवर आपले अक्षर रेखाटून दाखवी. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि खालचा इंग्रजी नंबर उघडा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला स्वतःचे नंबर मिळाले. देवनागरीची सोय विंडोज २००० मध्ये आणि कन्नडची २००१ च्या एक्सपीमध्ये आली, तरी डीटीपीच्या दुकानांत आणि घरांत जुनी सवय पुढे बरीच वर्षे टिकली.

म्हणून जुन्या डिस्कवरून कागदपत्रे घेताना 'विंडोज' कप्प्यातला 'फॉन्ट्स' हा कप्पा पूर्ण उतरवून घ्यावा. बहुतेक लोक नेमके हेच सोडतात, डिस्क टाकून देतात आणि मग तो फॉन्ट शोधत फिरतात. हवा तो फॉन्ट नव्या संगणकावर बसवला की वडिलांची अक्षरे पुन्हा जशीच्या तशी उभी राहतात. लगेच त्या फाइलची पीडीएफ करून ठेवावी, म्हणजे पुढे फॉन्ट असो-नसो, दिसायला ती तशीच राहील. त्यानंतर सवडीने युनिकोडमध्ये बदलण्याचे काम करावे. हे काम करणारी साधने मराठी फॉन्टसाठी वेगळी आणि नुडी-बरहसाठी वेगळी. आपल्या घरातल्या कागदात एक परिच्छेद मराठी, त्याखाली कन्नड, मध्ये इंग्रजी पत्ता असे असते. संपूर्ण पान एकदम बदलायला दिले की कन्नड भागाचे भलतेच मराठी होते आणि इंग्रजी पत्त्याचाही चिवडा होतो, कारण ते साधन प्रत्येक इंग्रजी अक्षराला फॉन्टचा नंबर समजते. तेव्हा तुकड्या-तुकड्याने बदलावे आणि जोडाक्षरे, रफार, कन्नडचे ओत्तक्षर मूळ पीडीएफशी ताडून बघावेत. दोन्ही लिप्या वाचणारे माणूस घरात आहे हा आपला फायदा. बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या दुकानदाराला हे दोन्ही एकदम जमेलच असे नाही.

सगळे उतरवून झाल्यावर ती डिस्क डेस्कटॉपमध्येच दुसरी म्हणून राहू द्यावी का, असे विचारतात. ३२० किंवा ५०० जीबीची साटा डिस्क असेल आणि आवाज स्वच्छ असेल तर जरूर राहू द्यावी, पण नक्कल ठेवण्यापुरती. लॅपटॉपची डिस्क वेगाने बेताची असते आणि वीज वाचवण्यासाठी आपली सुई वरचेवर बाजूला घेते; रोजच्या राबत्याला ती जुळत नाही. संगणक तिच्यावरून सुरू करण्याचाही प्रयत्न करू नये. दुसऱ्या यंत्रावर वाढलेली विंडोज नव्या घरात बहुधा रुसते, एक्सपी तर निळा पडदा दाखवून बसते. आणि चकतीची डिस्क असो वा एसएसडी, वर्षानुवर्षे खणात पडून ती टिकेल अशा भरवशावर राहू नये. एसएसडीला तर फार काळ वीज मिळाली नाही की तिच्यातला साठा पुसट होऊ लागतो. एक नक्कल आपल्याकडे, एक मुलाकडे बंगळुरूला, एवढे झाले की मग मूळ डिस्क ठेवायला हरकत नाही. चंदेरी पिशवीत घालावी, आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाचा विचार करून सोबत सिलिका जेलची पुडी टाकावी. भंगारात द्यायची असेल तर मात्र आधी पूर्ण पुसून, कारण त्यात पॅन कार्डाच्या आणि पासबुकांच्या प्रती असतात. ठेवायची असेल तर पिशवीवर कागद चिकटवून वर्ष, कुणाचा लॅपटॉप, आत काय आणि कोणता फॉन्ट हे लिहावे. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. पुढे ती पिशवी हातात घेणाऱ्या नातवाला यांतली कोणती लिपी जास्त सरावाची असेल, कोण सांगणार?